नवं वाइन शॉप आलं की गुन्हे वाढतात का?

२०२५च्या जुलै महिन्यात एक आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत फिरत होता: ३२८. मद्यनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांना एवढे नवे वाइन शॉप परवाने द्यायचे, असा विचार राज्य सरकारच्या पातळीवर सुरू असल्याची ती बातमी होती. महाराष्ट्रात १९७०च्या दशकापासून वाइन शॉपचे नवे परवाने देणं थांबलेलं आहे. त्यामुळे गदारोळ होणं साहजिक होतं. एक बाजू म्हणाली, दुकानं वाढली की भांडणं, छेडछाड, अपघात वाढणार. दुसरी म्हणाली, अधिकृत दुकान दिलं नाही तर लोक बनावट माल आणि हातभट्टीकडे वळतील, गुन्हेगारांचंच फावेल.

नागपूरकरांसाठी हा वाद फार जवळचा आहे. बुटीबोरी ओलांडून पुढे गेलं की वर्धा जिल्हा लागतो; तिथे १९७५पासून दारूबंदी आहे. त्याच्या खाली चंद्रपूर. तिथे १ एप्रिल २०१५ला बंदी आली आणि २०२१मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. वरच्या अंगाला सावनेर किंवा देवलापारच्या पुढे मध्य प्रदेश सुरू होतो; तिथला कायदा वेगळा, कर वेगळा, भाव वेगळा. दारूच्या कायद्याचे इतके नमुने आपल्या शहराच्या आजूबाजूला असूनही चर्चा मात्र ‘बंदीने गुन्हे घटले’ आणि ‘बंदीनेच गुन्हे वाढले’ या दोन वाक्यांपलीकडे जात नाही. दोन्हीकडचे लोक आकडे दाखवतात. आणि दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. ते कसं, हे समजून घेतल्याशिवाय नव्या परवान्यांबद्दल मत बनवू नये, असं मला वाटतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू

आपल्याकडे दारूचा मुख्य कायदा १९४९चा आहे. त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणत. या कायद्याचा पाया असा की दारू बनवणं, बाळगणं, विकणं, नेणं हे सगळं मुळात मना आहे. परवाना असेल तर तेवढ्यापुरती सूट. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि दारूचा विषय राज्यांच्या सूचीत आहे. म्हणून बिहारचा कायदा वेगळा, गोव्याचा वेगळा, आपला वेगळा.

परवाना फक्त विकणाऱ्यालाच लागतो असं नाही. कायद्याने तो पिणाऱ्यालाही लागतो. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आणि इतर मद्यासाठी २५ वर्षं आहे. मे २०२४मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर या वयाच्या अटीची राज्यभर चर्चा झाली, तोवर ती अनेकांना ठाऊकही नव्हती.

विक्रीच्या परवान्यांचे प्रकार बरेच आहेत, पण रोजच्या व्यवहारात चारच भेटतात. देशी दारूचं दुकान, ज्याला आपल्याकडे भट्टी म्हणतात, त्याचा परवाना सीएल-३. सीलबंद बाटली विकणारं वाइन शॉप म्हणजे एफएल-२. बसून प्यायची परवानगी असलेलं परमिट रूम म्हणजे एफएल-३. आणि बिअर शॉपी म्हणजे एफएल-बीआर-२. यापुढे मी साधी नावंच वापरतो. हे परवाने जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या हातात असतात, पोलिसांचा अहवालही मागवला जातो. कलम ५४खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम १४२खाली शांतता राखण्यासाठी जिल्हाधिकारी दुकानं काही काळ बंद ठेवू शकतात.

आता मुद्द्याची गोष्ट. परवान्यातून पाच बाबी ठरतात: कोण विकणार, कुठे विकणार, एका भागात किती जण विकणार, कधी विकणार आणि केवढ्याला विकणार. ‘परवाना धोरणात सुधारणा’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारायचा की या पाचांपैकी नेमकं काय बदलतंय. या प्रत्येक बाबीचा गुन्ह्यांवरचा परिणाम वेगळा असतो.

गुन्हा म्हणजे कोणता गुन्हा?

दारू आणि गुन्हे यांचं नातं किमान चार तऱ्हांचं आहे. हा भाग नीट लक्षात राहिला तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पहिला, नशेतला गुन्हा. प्यायलेला माणूस बायकोला मारतो, मित्राच्या डोक्यात बाटली घालतो, गाडी दुभाजकावर चढवतो. इथे महत्त्व असतं ते एका बैठकीत किती प्यायली याला.

दुसरा, गर्दीतला गुन्हा. शंभर प्यायलेली माणसं एकाच वेळी एकाच रस्त्यावर आली की धक्काबुक्की होते, पार्किंगवरून वाद होतो, कोणीतरी चाकू काढतो. प्रत्येकाने कमीच घेतलेली असली तरी हे होऊ शकतं. इथे महत्त्व असतं ते जागेला आणि घड्याळाला.

तिसरा, धंद्यातला गुन्हा. बेकायदा विक्रेत्यांमधला हद्दीचा वाद, वसुली, खबऱ्याला मारहाण, पोलिसांवर हल्ला. अधिकृत दुकानदाराचे पैसे बुडाले तर तो कोर्टात जातो. अवैध विक्रेता कोर्टात जाऊ शकत नाही, मग तो माणसं पाठवतो. नोव्हेंबर २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर तस्करांनी गाडी घातली, त्यात त्यांचा जीव गेला. हा गुन्हा दारू पिण्यातून झालेला नव्हता. जिथे दारू विकायला मनाई होती तिथे ती पोहोचवण्यातून झालेला होता.

चौथा, कागदावरचा गुन्हा. दारू बाळगली, नेली, विकली, हाच गुन्हा. दारूबंदी कायद्याच्या कलम ६५खाली नोंदले जाणारे खटले या प्रकारात येतात. बंदी आली की यांची संख्या वाढणारच, कारण काल जे कृत्य कायदेशीर होतं ते आज बेकायदेशीर झालं. लोकांचं वागणं तेच राहिलं तरी पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत वाढ दिसते.

चंद्रपूरच्या वादात हेच झालं. ‘बंदीनंतर गुन्हे वाढले’ म्हणणारे बऱ्याचदा तिसरा आणि चौथा प्रकार मोजत होते. ‘बंदीने गावात शांतता आली’ म्हणणाऱ्या बायका पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत होत्या. दोघंही आपापलं खरंच सांगत होते, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

घड्याळ बदललं तेव्हा काय झालं

पाच बाबींपैकी ‘कधी’ या बाबीवर जगात सर्वाधिक अभ्यास झालेला आहे. याचं एक साधं कारण आहे. वेळ एका ठरलेल्या तारखेला बदलते, त्यामुळे आधी आणि नंतर यांची तुलना करता येते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पब रात्री अकराला बंद होत. अकराच्या ठोक्याला सगळे एकदम रस्त्यावर येत आणि मारामाऱ्या होत, म्हणून सरकारने २००३चा परवाना कायदा केला. तो नोव्हेंबर २००५पासून लागू झाला. ठरलेली बंद-वेळ गेली, प्रत्येक दुकानाने आपापली वेळ मागायची आणि स्थानिक नगरपरिषदेने ती द्यायची. सरकारला आशा होती की गर्दी विखुरली की मारामाऱ्या घटतील. विरोधकांना भीती होती की देश रात्रभर पीत बसेल. सरकारी आढाव्यातून २००८मध्ये जे समोर आलं ते दोघांनाही पूर्ण बरोबर ठरवणारं नव्हतं. एकूण गुन्हे फारसे हलले नाहीत. पण पहाटे तीन ते सहा या वेळेतले गुन्हे वाढले. म्हणजे संकटाचा मोठा भाग नाहीसा न होता घड्याळात पुढे सरकला. आणि पहाटे चारला गस्तीवर पोलीस कमी असतात, रुग्णालयात डॉक्टरही कमी असतात, त्यामुळे या सरकण्याची किंमत मोजावी लागली.

या कायद्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेळेची नाही. परवाना देताना काय पाहायचं याची चार उद्दिष्टं त्यात स्पष्ट लिहिली आहेत: गुन्हे व गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, लोकांना होणारा उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण. शेजारी राहणारा माणूससुद्धा या चारांपैकी एका कारणावरून परवान्याचा फेरविचार मागू शकतो. आपल्याकडे शाळा, देऊळ, बसस्थानक यांपासूनचं अंतर मोजलं जातं. अंतर मोजणं सोपं असतं. पण त्या दुकानासमोर वर्षभरात किती मारामाऱ्या झाल्या, हे परवान्याचं नूतनीकरण करताना कोण मोजतं?

वेळेचे इतर दाखलेही बघण्यासारखे आहेत. नॉर्वेतल्या १८ शहरांच्या अभ्यासात बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली की रात्रीचे मारहाणीचे गुन्हे सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि वेळ अलीकडे आणली की त्याच प्रमाणात घटल्याचं दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८मध्ये पब पहाटे साडेतीनपर्यंतच, अशी सक्ती झाली. आधी काही पब पाचपर्यंत चालत. शेजारच्या हॅमिल्टन भागाशी तुलना केली तेव्हा मारहाणीत ३७ टक्के घट आढळली. ब्राझीलमध्ये साओ पावलोजवळ डियाडेमा नावाचं शहर आहे, एके काळी खुनांसाठी कुप्रसिद्ध. तिथे जुलै २००२पासून बार रात्री अकराला बंद करण्याचा कायदा झाला. अभ्यासकांनी हिशोब केला तो असा की महिन्याला सुमारे नऊ खून टळले. याला आक्षेपही आहे, आणि तो रास्त आहे: त्याच काळात साओ पावलोच्या संपूर्ण परिसरात खून कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय बारच्या वेळेला देता येत नाही. शिवाय त्याच अभ्यासात बायकांवरच्या हल्ल्यांत झालेली घट मूळ कल वजा केल्यावर ठामपणे सिद्ध झाली नाही. बारची वेळ रस्त्यावरच्या हिंसेला आवर घालते. घरातल्या हिंसेला तेवढा घालत नाही. हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

एवढे आकडे आहेत तर मग घोळ कुठे होतो?

मोजण्यात. पोलिसांच्या नोंदवहीत घडलेला गुन्हा येत नाही, नोंदलेला गुन्हा येतो. स्वीडनने २००० साली सरकारी मद्यदुकानं शनिवारी उघडण्याचा प्रयोग काही भागांत केला. तिथे सुरुवातीला मद्यपान करून गाडी चालवण्याच्या केसेस वाढलेल्या दिसल्या. खोलात गेल्यावर कळलं की यात मोठा वाटा पोलिसांनी तपासणीची पद्धत बदलल्याचा होता. विक्री काही टक्के वाढली, मारहाणीत मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. आपल्याकडेही एखाद्या महिन्यात नाकाबंदी जोरात झाली की ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या केसेस दुप्पट होतात. त्यावरून लोक दुप्पट प्यायला लागले असं कोणी म्हणू नये.

दुसरी गफलत स्थलांतराची. एका भागातली दुकानं बंद झाली की गुन्हे खरोखर घटतात, की शेजारच्या भागात जातात? मेट्रोच्या कामासाठी वर्धा रोड आक्रसला होता तेव्हाची वाहतूक आठवा. बऱ्याच गाड्या धंतोलीच्या आणि मनीषनगरच्या गल्ल्यांत शिरल्या. पण सगळ्याच नाही. काहींनी बसने जाणं पत्करलं, काहींनी ती चक्करच रद्द केली. दारूचंही असंच होतं. सिडनीमध्ये फेब्रुवारी २०१४ला मध्यरात्रीनंतरचे निर्बंध आले तेव्हा किंग्ज क्रॉस या बदनाम भागातली मारहाण सुमारे एकतृतीयांशाने घटली. काही भार पुढे शेजारच्या भागांकडे सरकला, पण जेवढा घटला तेवढा सगळा सरकला नाही. म्हणून एका वॉर्डाचे आकडे कधीच पुरेसे नसतात, आजूबाजूच्या चार वॉर्डांचेही लागतात.

नागपूरला असाच एक प्रयोग आयता मिळाला होता. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितलं, अंमल १ एप्रिल २०१७पासून. लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर केलं गेलं. जुलै २०१७मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही. शहराच्या मधून महामार्ग जाणाऱ्या नागपुरासारख्या ठिकाणी काही महिने एका पट्ट्यातली दुकानं बंद आणि आतल्या वस्त्यांतली चालू, अशी स्थिती होती. त्या महिन्यांतले अपघात, भांडणं, १००वर आलेले फोन हे सगळं तासानुसार आणि रस्त्यानुसार लगेच मांडून लोकांपुढे ठेवलं असतं, तर आज ३२८च्या वादात आपल्या शहराचा पुरावा हाताशी असता.

मग सरळ बंदीच का नको?

हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. विदर्भात दारूबंदीची मागणी बायकांच्या अंगावरच्या वळांतून आलेली आहे. डिसेंबर २०१०मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून हजारो बायका पायी चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आल्या होत्या. त्यांच्या चालण्यामागे महसुलाचा किंवा अभ्यासाचा मुद्दा नव्हता. मजुरीचे पैसे घरी येण्याआधीच भट्टीवर संपतात आणि नवरा येतो तो हात उगारूनच, हे होतं.

बंदीने त्यांचं काही भलं होतं का? होतं, असा पुरावा आहे. बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून बंदी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवर आधारलेल्या २०२४च्या एका अभ्यासात तिथे पुरुषांचं नियमित पिणं आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण, दोन्ही घटल्याचं आढळलं. पण त्याच बिहारमध्ये डिसेंबर २०२२ला छपराकडे विषारी दारूने डझनावारी माणसं मेली. नशेतला गुन्हा घटला. धंद्यातला आणि कागदावरचा वाढला.

चंद्रपूरची बंदी उठवताना सरकारने आपणच नेमलेल्या रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेतला. अवैध आणि बनावट दारूचा सुळसुळाट, आणि तस्करीत बायका-मुलांचा वापर, ही त्यामागची कारणं होती. वर्ध्याकडे नेल्या जाणाऱ्या मालाबद्दल तर नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. देशीच्या एका पेटीत १८० मिलीच्या ४८ बाटल्या असतात. ती पेटी मोटारसायकलवर दोन पायांच्या मधे ठेवून पोतं टाकलं की बाहेरून काही दिसत नाही. बंदी असलेल्या गावात तोच पव्वा चढ्या भावाने जातो, आणि पेटी पोहोचवणारा बहुधा विशीतला पोरगा असतो. पकडला गेला तर नाव त्याचं लागतं. माल ज्याचा, तो पंचनाम्यात क्वचितच येतो.

विषारी दारू बंदीतच होते असंही नाही. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं मेली; तिथे बंदी नव्हती, दुकानं होती. पण गरिबाला परवडणारी अधिकृत बाटली आणि हातभट्टीची पिशवी यांच्या किमतीत मोठी दरी होती. थोडक्यात, बंदीचा फायदा तेवढाच टिकतो जेवढी अंमलबजावणी टिकते, आणि वर्ध्यासारख्या एका जिल्ह्याची बंदी तिन्ही बाजूंनी दुकानांनी वेढलेली असेल तर ती टिकवणं अतिशय अवघड जातं.

नवे परवाने थांबवले म्हणजे दारू थांबली ना?

नाही. थांबलेत ते वाइन शॉप आणि देशीच्या दुकानांचे नवे परवाने. परमिट रूम आणि बिअर शॉपीला परवाने मिळत राहिले. शिवाय जुना परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतो. त्यामुळे ज्या भागात कधीच दुकान नव्हतं तिथे एके दिवशी ते उगवतं, आणि रहिवासी म्हणतात, ‘नवीन परवाने तर बंद आहेत ना?’ परवाना जुनाच असतो, फक्त पत्ता नवा.

या थिजवलेल्या संख्येचा आणखी एक परिणाम रस्त्यावर दिसतो. वाइन शॉपमध्ये बसून प्यायची परवानगी नाही. घरी नेऊन प्यायची सोय नसलेला कामगार मग कुठे पितो? दुकानाच्या कडेला, बंद शटरच्या पायरीवर, उकडलेल्या अंड्यांच्या आणि चण्याच्या गाडीमागे. तिथे प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याचे पाऊच दोन-दोन रुपयांना मिळतात, संध्याकाळी सातनंतर फुटपाथ दिसेनासा होतो, आणि शिकवणीहून येणाऱ्या मुली रस्त्याच्या मधून चालतात. हा कायद्याने गुन्हाच आहे. पण दुकानदार म्हणतो माझी हद्द शटरपर्यंत, पोलीस म्हणतात किती जणांना उठवणार, महापालिका म्हणते परवाना आमचा नाही. परवान्याच्या अटींमध्येच दुकानासमोरच्या ठराविक अंतराची जबाबदारी दुकानदारावर टाकली आणि तीन तक्रारी सिद्ध झाल्या की कलम ५४ लावलं, तर दुकानांची संख्या न बदलताही हा त्रास कमी होऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे: आकड्यावर भांडण्याआधी अटींवर भांडायला हवं.

लोकांच्या हातात एक हत्यार आहे, ते म्हणजे आडवी बाटली. २००८च्या आदेशानुसार एखाद्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी पुरेशा जणींनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं; आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. मात्र दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं मत आडव्या बाटलीवर पडावं लागतं. झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. जी बाई कामावरून सुटू शकली नाही, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली पण यादीत राहिली, तिचं न पडलेलं मत दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखं होतं. शहरी वॉर्डात, जिथे याद्या जुन्या आणि भाडेकरू जास्त, तिथे हा उंबरठा ओलांडणं महाकठीण. मार्च २०२५मध्ये सरकारने विधिमंडळात जाहीर केलं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातल्या दुकानासाठी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलं पाऊल आहे, पण झोपडपट्टीच्या तोंडाशी असलेल्या भट्टीला सोसायटी नसते.

निर्बंध आले की लोक घरी पितील, आणि मार घरातच होईल

या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘कधी’ आणि ‘केवढ्याला’ यांना एकत्र पाहावं लागतं. रात्रीची वेळ आवळली की चौकातली मारामारी कमी होते हे आपण पाहिलं. घरातल्या मारहाणीवर मात्र एकूण किती दारू घरात येते याचा प्रभाव जास्त, आणि ते बऱ्याच अंशी किंमत ठरवते. जागतिक आरोग्य संघटना कर वाढवणं, उपलब्धता मर्यादित करणं आणि जाहिरातबंदी हे तीन उपाय सर्वांत परिणामकारक मानते.

जून २०२५मध्ये महाराष्ट्राने कर वाढवला. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारासाठी १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० अशी ठरली. दर चढले की काही माणसं कमी पितात. पण काही स्वस्त प्रकाराकडे उतरतात, आणि काही त्याच्याही खाली, मोहाच्या हातभट्टीकडे. मध्य प्रदेशात तीच बाटली स्वस्त पडली तर सीमेवरून गाड्या यायला लागतात. म्हणजे करवाढीबरोबर सीमेवरची तपासणी वाढली नाही, तर नशेतला गुन्हा जेवढा घटेल त्यातला काही भाग धंद्यातल्या गुन्ह्यात परत येतो.

सरकारला तर महसूलच हवा

या करवाढीतून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असा सरकारचा अंदाज होता. परवाना देणारा, परवान्याच्या अटी तपासणारा आणि महसुलाचं उद्दिष्ट गाठायचं असलेला विभाग एकच आहे. जास्त विक्री झाली तर त्याचं कौतुक होतं, दुकान बंद केलं तर त्याचं उद्दिष्ट हुकतं. यात कुण्या अधिकाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न नाही, रचनेचाच दोष आहे. गुन्ह्यांचा खर्च पोलिसांच्या, सरकारी रुग्णालयाच्या आणि त्या घरातल्या बाईच्या खात्यात पडतो. उत्पन्न दुसऱ्याच खात्यात. म्हणून दुकानाचा गुन्ह्यांशी असलेला संबंध मोजण्याचं काम वेगळ्या यंत्रणेकडे असावं.

नागपुरात हे कसं मोजता येईल?

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं की मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी कित्येक जण पोलिसांकडे जातच नाहीत. मग तिथल्या आपत्कालीन विभागात स्वागत कक्षावरच्या कर्मचाऱ्यांनी जखमींना चार साध्या गोष्टी विचारायला सुरुवात केली: कुठे घडलं, किती वाजता, कशाने मारलं, कोणी मारलं. नाव-गाव काढून टाकून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपरिषदेला दिली जाऊ लागली. कुठल्या पबसमोर किती डोकी फुटतात हे नकाशावर दिसलं, गस्त तिकडे वळली, काचेच्या ग्लासांऐवजी प्लास्टिकचे आले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुलनेच्या शहरांपेक्षा तिथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. यासाठी नवा कायदा लागला नाही.

आपल्याकडे मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात शहरातले बहुतेक गरीब जखमी येतात. मेडिको-लीगल केसची, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या जखमींची, नोंद तिथे आधीपासून होते. त्या नोंदीत जागा आणि वेळ नेमकी लिहिणं, आणि नाव वगळून ती वॉर्डानुसार मांडणं, एवढीच भर हवी. नवे परवाने द्यायचे असतील तर त्याआधी किमान एक वर्षाची अशी नोंद हाताशी असावी. सगळे परवाने एकदम न देता आधी निम्म्या भागांत द्यावेत, उरलेल्या भागांशी तुलना करावी, आणि निकाल वाईट आला तर परवाना आपोआप संपेल अशी मुदत सुरुवातीलाच घालावी. एकदा कायमचा परवाना दिला की तो काढून घेणं किती जड जातं, हे गेल्या पन्नास वर्षांत दिसलंच आहे.

तोवर एखाद्या दुकानाचा त्रास असलेल्या रहिवाशांनी सुरुवात कुठून करावी? माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून दोन अर्ज करता येतात. एक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात: या परवान्याचा प्रकार कोणता, तो मूळचा इथलाच की दुसरीकडून हलवलेला, त्याच्या अटी काय, गेल्या पाच वर्षांत किती वेळा तपासणी झाली आणि कलम ५४खाली काही कारवाई झाली का. दुसरा पोलीस आयुक्तालयात: त्या रस्त्यावरून आलेल्या तक्रारींची आणि नोंदलेल्या गुन्ह्यांची महिना आणि तास यांनुसार संख्या. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. दोन्ही उत्तरं एकत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे नूतनीकरणाच्या आधी हरकत द्यावी. परवान्यांचं नूतनीकरण आर्थिक वर्षाच्या हिशोबाने होतं, त्यामुळे अर्ज डिसेंबरच्या आतच गेलेले बरे.